चोर तरला, मग बांध कोरणाऱ्याचं काय?

बांधावरचा:
शेजाऱ्याने वीस वर्षांत आमचा बांध कोरून कोरून दोन हात आत आणलाय. दर वर्षी ईस्टरआधीच्या उपासकाळात पापनिवेदन करतो, चर्चमध्ये मिस्साला पहिल्या बाकावर. बांध तिथेच. विचारलं तर बायबलातल्या लूक २३ मधल्या चोराचा दाखला देतो: येशूशेजारी वधस्तंभावर नुसतं ‘माझी आठवण ठेव’ म्हणाला आणि सुखलोक मिळाला! माझ्या मते भरपाईशिवाय पश्चात्ताप म्हणजे तोंडाची वाफ.

नगरकर:
भरपाईने तारण, म्हणजे आत्म्याचा उद्धार, मिळत असेल तर कृपा कशाला हवी? इफिस २:८-९ वाचा. तारण हे दान आहे, कर्मांचं फळ नव्हे. त्या चोराचा ना बाप्तिस्मा, ना दानधर्म. शेजारी लबाड असेल, पण त्याच्यापायी सिद्धांत फिरवू नका.

बांधावरचा:
चोराचे हात खिळलेले होते हो! याचे मोकळे आहेत, चांगली कुदळ चालते. शिवाय चोराने आधी कबूल केलं, आपण केल्याचं फळ भोगतोय. हा तेवढंही म्हणत नाही. आणि याकोब २:२४ स्पष्ट सांगतं, माणूस नीतिमान ठरतो तो कर्मांनी, केवळ विश्वासाने नव्हे. रोम ३:२८ म्हणतं माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो; त्यात ‘केवळ’ हा शब्द जर्मन धर्मसुधारक लूथरने १५२२ च्या जर्मन भाषांतरात घातलाय, मूळ ग्रीकमध्ये तो नाही.

नगरकर:
‘नियमशास्त्राच्या कर्मांवाचून’, म्हणजे मोशेचा कायदा पाळल्यावाचून, हे तर मूळात आहे ना? मग अर्थ काय वेगळा झाला?

काठावरची:
दोघेही जक्कयला विसरलात. लूक १९. झाडावर चढलेला जकातदार. त्याने छदाम परत करायच्या आधीच येशू म्हणतो, आज तुझ्याकडे उतरणार. लोक कुरकुरले ते त्यावरच. अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेलं चौपट परत, हे सगळं नंतर. स्वतः कबूल करणाऱ्याला नियमशास्त्रात मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढंच होतं. चौपट त्याच्या मनाचं. कृपा आधी आली, पण आली तशी तिजोरी उघडली. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये लूथरन (लूथरच्या पंथाचे) आणि कॅथलिकांनी ज्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या त्यातही हेच आहे: स्वीकार कृपेनेच, आपल्या पुण्याईने नाही, आणि तीच कृपा सत्कर्माला लावते.

नगरकर:
हे चालेल. परतफेड हे फळ, मूळ नव्हे.

बांधावरचा:
फळ म्हणा, मूळ म्हणा. चौपट नको, पाचवा हिस्साही सोडला. माझे दोन हात तेवढे द्या.

नगरकर:
आणि तुम्ही त्याला क्षमा केलीत का? मत्तय ६:१५: तुम्ही क्षमा केली नाही तर देवही तुम्हाला करणार नाही.

बांधावरचा:
मोजणी होऊ दे, मग बघू.