कुंडीतली स्वस्त माती आणि सोलापूरचं ऊन: तुम्ही काय मिसळता?

मृगाआधी कुंड्या पुन्हा भरायच्या म्हणून हा धागा. पोत्यात मिळणारी 'तयार माती' म्हणजे बहुतेक वेळा लाल माती, नावाला शेणखत आणि नशीब खराब असेल तर थोडा राडारोडा. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की ती विटेसारखी घट्ट होते. परलाइटच्या (माती हलकी करणारे पांढरे दाणे) महागड्या पिशव्या सांगू नका. आपल्याकडे सहज मिळणारं काय घातलंत, कोणत्या झाडाला आणि उन्हाळा निघाला का, ते लिहा. नळाचं पाणी की बोअरचं, हेही सांगा.

जुळे सोलापूर, गच्ची, नळाचं पाणी
माझा पहिला प्रश्न वजनाचा होता. शेतातली काळी माती फुकट होती, सासरे ट्रॉलीभर पाठवायला तयार होते. पण ४० लिटरचा ड्रम त्या मातीने भरून पाणी घातलं की ६५-७० किलोच्या घरात जातो. असे ड्रम ओळीने स्लॅबवर ठेवायला घरातले राजी नव्हते, आणि त्यांचं बरोबरच होतं. शिवाय काळी माती शेतात कितीही चांगली असली तरी कुंडीत तिचं वागणं वेगळं. ओली झाली की फुगते आणि हवा कोंडते, वाळली की आकसून कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट बशीत. बशी भरली म्हणून आपण खूश, मुळं कोरडीच.

म्हणून नर्सरीतलं लाल मातीचं पोतंच आणते, पण मिश्रणात ती निम्म्याहून कमी ठेवते. आधी मूठभर माती काचेच्या बरणीत पाण्यात ढवळून रात्रभर ठेवते. खाली वाळू, मग गाळ, वर चिकणमाती असे थर बसतात. चिकणमातीचा थर जाड दिसला तर विटांचा चुरा वाढवायचा. चुरा म्हणजे हरभऱ्याएवढे तुकडे. पीठ चाळून टाकून द्यायचं, ते राहिलं तर उलट भोकं बुजतात. भाजलेली वीट पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. बांधकामावरून आणणार असाल तर सिमेंट चिकटलेले तुकडे वेगळे काढा. आपल्या मातीत चुनखडी आधीच भरपूर आहे.

अंदाजे दोन घमेली माती, दोन कुजलेलं खत, एक चुरा, एक धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). वांगी आणि मिरची यात मे महिना काढतात. टोमॅटोची फुलं मात्र गळतात, पण त्याचा दोष मातीला देऊ नका. रात्रीसुद्धा गारवा नसला की टोमॅटो फळ धरत नाही.

साखर पेठ
शेंगाचटणीच्या गावात राहून कोकोपीट कशाला विकत घ्यायचं? शेंगा फोडायच्या गिरणीतून टरफलांचं पोतं किरकोळ पैशात मिळतं. थोडी चुरून मातीत मिसळतो. माती भुसभुशीत, कुंडी हलकी. मोजमाप विचारू नका, डोळ्याच्या अंदाजाने घालतो.

नीलम नगर
दादा, टरफलं छान, पण कच्ची घातली तर मेथीसारखी पालेभाजी पिवळी पडते. टरफल कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतः खातात. मी ती शेणाच्या पाण्यात भिजवून दोन-तीन महिने पोत्यात दाबून ठेवते, मगच वापरते. सोबत मूठभर निंबोळी पेंड, कारण टरफलं पाहिली की आमच्याकडे वाळवी आलीच.

होटगी रोड, बोअरचं पाणी
माती कितीही सुधारा, बोअरचं जड पाणी ती पुन्हा बिघडवतं. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसतात ना, ते क्षार. माझ्या मोगऱ्याची आणि लिंबाची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, असं व्हायचं. लोह कमी असल्याचं ते लक्षण. पण चुनखडीच्या मातीत साधं फेरस सल्फेट घातलं तर लोह लगेच बांधलं जातं, झाडाला मिळत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे मातीत बांधलं जाऊ नये म्हणून वेष्टण दिलेलं लोह, घ्या आणि पाकिटावर ईडीडीएचए लिहिलंय का बघा. ईडीटीए स्वस्त असतं, पण विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, मातीत टिकत नाही. पावसाचं पाणी बॅरलमध्ये धरून महिन्यातून एकदा कुंडी भरभरून धुवून काढते, क्षार खाली निघून जातात.

निवृत्त, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी
जिल्ह्यात एवढे कारखाने, तरी प्रेसमडचं नाव कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. प्रेसमड म्हणजे रस गाळताना उरणारा काळपट चोथा. सेंद्रिय कर्ब भरपूर, स्फुरदही बऱ्यापैकी. मात्र ताजा प्रेसमड कुंडीत घालू नका. ढीग आतून इतका तापतो की हात घालवत नाही. दोन-तीन महिने पाणी मारत, ढीग पलटत कुजवलेला, मातकट वासाचा माल घ्या. रस स्वच्छ करायला चुना वापरतात, तो त्यात उतरतो. त्यामुळे मिश्रणाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नको, आणि वरच्या ताईंच्या मोगऱ्याला तर नकोच. त्यांनी शेळ्या-मेंढ्यांचं लेंडीखत वापरावं.

विडी घरकुल
आमच्याकडं गच्ची-बिच्ची नाही, दारासमोर पत्र्याचे डबे. मी एवढंच केलं बघा: डब्यांना बाहेरून चुना मारला आणि भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. माती तीच, झाडं तीच, पण दुपारी माना टाकायची बंद झाली. काळ्या ग्रो बॅगवाल्यांनी उन्हात एकदा पिशवीला हात लावून बघावं, मुळांचं काय होत असेल ते कळंल. मातीवर उसाचं पाचट नाहीतर कडब्याचे तुकडे घाला, पाणी लई कमी लागतं.

सात रस्ता
दोन छोट्या गोष्टी. कोळशाची राख फुकट मिळाली तरी मातीत घालू नका. ती विम्ल असते, म्हणजे इथल्या मातीचं दुखणं वाढवणार. आणि कुंडीच्या तळाला खडीचा थर कशाला? बारीक मातीतलं पाणी खडीवर येऊन थबकतं, ओलसर थर उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर नारळाची शेंडी ठेवली तरी पुरतं.

जुळे सोलापूर, पुन्हा
खडीचं पटलं. कोकोपीटबद्दल एक राहिलं होतं: ५ किलोची वीट भिजून साधारण ७० लिटर होते, पण त्यात मीठ असतं. दोन-तीन पाण्यांनी धुवा. एकदा कडक वाळलं की ते पाणी झटकून टाकतं. अशी कुंडी टबात अर्धा तास बुडवून ठेवायची.

बाळे
मागच्या वर्षीची माती फेकायची का? मुळांना गाठी होत्या, सूत्रकृमी (मुळांत शिरणारे अतिबारीक किडे) असावेत.

नीलम नगर
फेकू नका. मुळं वेचून काढा, माती ओली करून गच्चीवर वीतभर जाडीपेक्षा कमी पसरा आणि वर पारदर्शक प्लास्टिक ताणून चारही बाजू मातीने दाबा. काळं प्लास्टिक नको, त्याने माती तेवढी तापत नाही. एप्रिल-मेमध्ये चार ते सहा आठवडे ठेवलं की सूत्रकृमी आणि तणाचं बी बरंच मरतं. सोबत चांगले जिवाणूही मरतात, म्हणून नंतर गांडूळखत मिसळून आठवडाभर सावलीत ठेवा, मगच रोपं लावा. गाठी असलेल्या कुंडीत लगेच टोमॅटो-वांगं नको, आधी झेंडू लावा.