मदत हवी आहे : पद्मिनीचा इंडिकेटर वळणानंतर आपोआप बंद होत नाही

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे १९८४ची प्रीमिअर पद्मिनी आहे. बाबांनी ती सेकंडहँड घेतली आणि आज ७४व्या वर्षीही आठवड्यातून दोनदा ते तीच घेऊन कोल्हापूरहून राधानगरी रस्त्याने शेतावर जातात. दुसरी गाडी दारात असते, पण त्यांचा हात पद्मिनीवरच बसलाय.

सात-आठ वर्षांपूर्वी मी तिला बॉस (दुसरं स्टिअरिंग बसवायला लागणारा मधला तुकडा) लावून छोटं स्पोर्ट्स स्टिअरिंग बसवून घेतलं. त्याच वेळी इंडिकेटरचे बल्ब काढून एलईडी टाकले. त्यावर जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) चालेना, म्हणून इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आला. तेव्हापासून वळण संपलं तरी इंडिकेटरची दांडी जागेवर येत नाही, हाताने आणावी लागते. फ्लॅशरची टकटकही गेली. डॅशबोर्डवरचा दिवा दुपारच्या उन्हात दिसत नाही.

इतकी वर्षं चालवून घेतलं. पण गेल्या महिन्यात जे झालं त्यानंतर मला झोप लागेना. मी बाबांच्या शेजारी बसलो होतो. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. बाबांनी उजवा इंडिकेटर देऊन तो व्यवस्थित मागे टाकला. इंडिकेटर मात्र चालूच राहिला आणि मी फोनवर बोलत असल्याने माझंही लक्ष नव्हतं. दोनेक किलोमीटर गेल्यावर मागच्या मोटरसायकलवाल्याने आम्हाला ओलांडायला गाडी बाहेर काढली आणि समोरून टेंपो आला. पोरगा कसाबसा आत शिरला. पुढे थांबून तो बाबांना म्हणाला, “आजोबा, तुमीच साइड दिली न्हवं?”

त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आपल्या दुपदरी रस्त्यांवर ट्रकवाले मागच्याला ‘जा, पुढे मोकळं आहे’ हे सांगायला उजवाच इंडिकेटर देतात. वळायलाही तोच. त्यामुळे विसरलेला डावा इंडिकेटर एक वेळ खपून जातो, विसरलेला उजवा मागच्याला रस्ता मोकळा असल्याचं खोटं सांगतो. बाबा त्या दिवशी घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

आठवण राहावी म्हणून मी बाजारातला छोटा पीं-पीं करणारा बझर लावून पाहिला. मला स्पष्ट ऐकू येतो, बाबांना इंजिनाच्या आवाजात येत नाही. ‘लक्षात ठेवा’ असं त्यांना सारखं म्हणवत नाही, आणि म्हटलं तरी उपयोग होत नाही. आपोआप बंद होणं परत आणता येईल का? नाहीतर बाबांना नक्की कळेल असं काय लावावं? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

दादा, आधी बॉस बघा. मूळ स्टिअरिंगच्या पाठीमागे एक खुंटी असते. वळताना ती स्विचमधल्या प्लास्टिकच्या जिभेवरून नुसती सरकते, चाक सरळ होताना मात्र त्याच जिभेला उलट्या बाजूने ढकलते आणि दांडी मागे येते. डावीकडची जीभ वेगळी, उजवीकडची वेगळी. बाहेरच्या बऱ्याच बॉसना ही खुंटीच नसते, मग आपोआप बंद करणार कोण? मूळ स्टिअरिंग जपून ठेवलं असेल तर तेच परत बसवा.

बसवताना पुढची चाकं सरळ ठेवा आणि बॅटरीची वायर काढा. स्टिअरिंग दात्यांवर एक-दोन दाते इकडे-तिकडे बसलं तर खुंटीही फिरते, मग एका बाजूचा इंडिकेटर लवकर पडतो आणि दुसरीकडचा उशिरा. वळण संपताना दांडी हाताने धरून ठेवायची सवय असेल तर जीभ तुटलेलीही असू शकते.

प्रतिसाद

वरचं सगळं बरोबर आहे, पण एक गोष्ट सुटतेय. तुम्ही सांगितलेला प्रसंग ओव्हरटेकचा आहे, वळणाचा नाही. ओव्हरटेक करताना स्टिअरिंग फिरतं किती? थोडंसंच. तेवढ्याने खुंटी जिभेच्या पलीकडे जातच नाही, त्यामुळे सगळं दुरुस्त झालं तरी त्या दिवशी इंडिकेटर चालूच राहिला असता. नव्या गाड्यांतही असंच होतं. तुम्हाला स्विच आणि आठवण करून देणारं काहीतरी, अशी दोन्ही कामं करावी लागतील.

माझ्याकडे जुनी जीप आहे. तिला इंडिकेटर नंतर बसवलेत आणि बटण डॅशवर साधं खालीवर होणारं आहे, ते आपोआप बंद होण्याचा प्रश्नच नाही. मी मोठा तांबडा दिवा थेट काचेखाली नजरेसमोर लावलाय, वर छोटी टोपी करून, म्हणजे ऊन पडत नाही.

प्रतिसाद

बझर चुकीचा निवडलात. ते छोटे काळे पिझो बझर साधारण २ ते ४ किलोहर्ट्झला वाजतात आणि वयानुसार कान आधी वरच्या पट्टीतलेच आवाज सोडतात. तुमच्या वडिलांना इंजिन ऐकू येतं, बझर नाही, ते त्यामुळेच. जुन्या पद्धतीचा घरघरणारा, चुंबक आणि पत्रा असलेला १२ व्होल्टचा बझर बघा. तो ४०० हर्ट्झच्या आसपास असतो.

जोडणी अशी : डाव्या आणि उजव्या इंडिकेटरच्या वायरीतून एकेक फाटा घ्या, दोन्हींत एकेक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, १एन४००७ चालेल) टाका, डायोडवरच्या पट्टीचं टोक बझरकडे. पुढे दोन्ही एकत्र करून बझरच्या प्लसला, मायनस बॉडीला. डायोड विसरलात तर एका बाजूचा करंट दुसरीकडे जाऊन चारही दिवे लुकलुकतील.

आणि एलईडी काढून २१ वॅटचे साधे बल्ब परत टाका. एका बाजूचे दोन म्हणजे ४२ वॅट, साधारण साडेतीन अँपिअर. जुन्या फ्लॅशरमधली धातूची पट्टी तेवढ्या करंटने तापून वाकते, सुटते, निवते आणि पुन्हा चिकटते. टकटक तिचीच. एलईडी इतका कमी करंट घेतो की ती तापतच नाही. शिवाय एखादा बल्ब गेला तर टकटकीचा ताल बदलतो आणि वडिलांना लगेच कळतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ओव्हरटेकची गोष्ट वाचल्यावर मी उठून गाडीत जाऊन बसलो आणि स्टिअरिंग तेवढंच फिरवून पाहिलं. खरंच आहे. मी नुसता स्विच दुरुस्त करून निर्धास्त झालो असतो.

मूळ स्टिअरिंग माळ्यावर सापडलं, खुंटी शाबूत आहे. रविवारी मिस्त्रींनी बसवून दिलं. उजवा इंडिकेटर आता वळणानंतर पडतो. डावा पडत नाही, त्या बाजूची जीभ निम्मी तुटली आहे. बल्ब आणि फ्लॅशर जुन्या पद्धतीचे घातले, बझर डॅशखाली लावला. चाचणीला बाबांनाच पाठवलं. गल्लीच्या टोकाला जाऊन आले आणि काच खाली करून म्हणाले, “वाजतंय रं. पाक कोपऱ्यापतूर वाजतंय.” सिग्नलला थांबल्यावर तो फार वाजतो अशी आईची तक्रार आहे, पण बाबा तो काढू देणार नाहीत.

राहिला प्रश्न त्या जिभेचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाल्यापासून सुटे भाग आणखी दुर्मीळ झालेत. कोल्हापुरात दोन दुकानं पालथी घातली, मिळाली नाही. कुणाकडे पद्मिनीचा जुना इंडिकेटर स्विच पडून असेल आणि डावीकडची जीभ धड असेल तर कृपया कळवा. बाकी स्विच मोडका असला तरी चालेल. पैसे आणि कुरिअरचा खर्च मी देईन.