मदत हवी आहे: वेगवेगळ्या सालांच्या क्रीक आणि रासबेरी लँबिक शेजारी शेजारी कशा चाखायच्या? (आणि पुण्याला कोणत्या आणायच्या?)

चिंचगूळ

मंडळी, मदत हवीये आणि जरा घाईने हवीये. नोकरीमुळे काही वर्षं बेल्जियममध्ये लुव्हेनला आहे, आता पुण्याला परत यायचं पक्कं झालंय आणि तळघरात जमवलेल्या लँबिकच्या बाटल्यांचं काय करायचं ते कळेना. ज्यांना लँबिक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ब्रसेल्स आणि त्याच्या नैऋत्येच्या पायोटनलँडमध्ये थंडीच्या दिवसांत बनणारी आंबट बिअर. यीस्ट विकत आणून घालत नाहीत, उकळलेलं पाणी-धान्याचं मिश्रण रात्रभर उघड्या पसरट टाकीत गार करतात, पुढचं काम हवेतले आणि लाकडी पिंपांतले जंतू करतात, वर्ष, दोन वर्षं, कधी तीन. त्यात आंबट चेरी घातली की क्रीक, रासबेरी घातली की फ्रांबोआज. आणि नाही, गोड नसते. बाटलीत साखर राहतच नाही जवळजवळ.

माझ्याकडे आहे ते असं (कॅन्टियों, बून, द्री फोन्तेइनेन ही लँबिक बनवणाऱ्यांची नावं): कॅन्टियोंची क्रीक 2016, 2019 आणि 2022 ची, त्यांचीच रोझे द गाम्ब्रिनस (ही रासबेरीची) 2017 आणि 2022, त्यांचीच लू पेपे क्रीक 2015, बूनची क्रीक मारियाज पारफे 2016, द्री फोन्तेइनेनच्या औदे क्रीकचे दोन वेगवेगळे सीझन, आणि एक फू फून, म्हणजे जर्दाळूवाली. काही 750 मिलीच्या, काही 375 च्या.

मागे एकदा 2016 आणि 2022 ची कॅन्टियों क्रीक एकत्र उघडली होती. नवी लालभडक, चेरी म्हणजे चेरीच. जुनीचा रंग विटकरी झालेला, वास बदामाचा आणि थोडा जुन्या कपाटाचा, चेरी कुठेतरी मागे. मला जुनी जास्त आवडली, नवऱ्याने तोंड वाकडं करून "हे व्हिनेगर आहे" म्हणून ग्लास माझ्याकडे सरकवला. तेव्हापासून डोक्यात हेच आहे की हा फरक वयाचा की सालाचा? त्या वर्षीच्या चेरीच वेगळ्या असतील, फळाखालची मूळ लँबिक वेगळ्या पिंपांतली असेल, मग सहा वर्षांत नक्की काय बदललं हे मी कशावरून म्हणायचं. जायच्या आधी पाच-सहा मित्रमैत्रिणींना बोलावून सगळं नीट करायचंय. आधी जुनी द्यायची की नवी? किती गार? आणि कस्टममध्ये माणशी दोन लिटरच ड्युटीशिवाय चालतं, तर त्यात कोणत्या बसवू?

खवय्या कोथरूडकर

फोटो नाहीत म्हणून फाऊल. बाकी वाचतोय. दोन लिटरचा प्रश्न सोपा आहे ताई, पुण्यात उतरलात की पत्ता व्यनि करतो.

बाबू ब्रसेल्सवाला

ताई, यादी झकास आहे. सालाचा आणि वयाचा गुंता खरा आहे आणि तो पूर्ण सुटत नाही, पण थोडा सोडवता येतो.

पहिलं म्हणजे तुमच्या बाटल्या एका जातीच्या धरू नका. कॅन्टियोंच्या साध्या क्रीकमध्ये लिटरला साधारण 200 ग्रॅम फळ असतं, लू पेपेत 300, बूनच्या मारियाज पारफेत 400 आणि तिचं अल्कोहोलही 8 टक्के. त्यात लू पेपेमध्ये बाटली भरताना फेसासाठी तरुण लँबिक घालत नाहीत, साखरेचं सिरप घालतात, आणि खालची लँबिक दोन वर्षांची. म्हणजे 2015 ची लू पेपे आणि 2016 ची साधी क्रीक समोरासमोर ठेवून "एका वर्षाचा फरक" म्हणालात तर काहीच अर्थ नाही. कॅन्टियोंच्या तिन्ही साध्या क्रीक एकत्र, रोझेच्या दोन एकत्र, द्री फोन्तेइनेनच्या दोन एकत्र, बाकीच्या एकेकट्या प्यायच्या. द्री फोन्तेइनेनच्या लेबलवर सीझन आणि ब्लेंड नंबर असतो तो लिहून ठेवा.

सालाचं म्हणाल तर हवामानसुद्धा मध्ये येतं. कॅन्टियोंचे ब्रुअर जाँ व्हान रॉय सांगतात की रात्रीचं तापमान उणे 3 ते अधिक 8 डिग्रीच्या मध्ये असेल तर गार करायला उत्तम. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये इतकं गरम होतं की त्यांना बिअर बनवणं थांबवावं लागलं होतं. तेव्हा सगळी सालं सारखी असतील असं धरून चालूच नका.

माझा सल्ला, प्रत्येक जोडीबरोबर त्याच घरची त्याच सुमाराची साधी ग्यूझ मिळाली तर एक उघडा. ग्यूझ म्हणजे फळ न घातलेली, तरुण आणि जुन्या लँबिकची मिसळण. कपाटाचा वास, चामडं, गवत हे जुन्या ग्यूझमध्येही असेल तर ते लँबिकच्या वयाचं. बदाम मात्र चेरीच्या बियांकडून येतो, अख्ख्या चेरी पिंपात महिनोन् महिने पडलेल्या असतात. तो तुम्हाला जुनीत जास्त जाणवला कारण वरचं फळ गेलं. आंबटपणाचंही तेच, तो फारसा वाढत नाही, फळ उतरलं की उघडा पडतो. तरी नवरोबांना अगदी चूक म्हणणार नाही, बुचातून हवा गेली असेल तर खरंच व्हिनेगरकडे झुकते.

काकडीची कोशिंबीर

माझ्याकडे लिंडेमान्सची साधी क्रीक आहे, तीन वर्षं झाली, ठेवू का अजून?

बाबू ब्रसेल्सवाला

नका ठेवू. ती गोड केलेली आणि पाश्चराइज्ड असते, त्यात जिवंत काही नाही, ती सुधारणार कशाने. आज गार करून संपवा. त्यांच्याच औदे क्रीक क्युव्हे रेनेची गोष्ट वेगळी, ती ठेवता येते.

लॅबवाली

मी फर्मेंटेशनमध्येच काम करते म्हणून दोन गोष्टी.

एक, बाटल्यांची नावं झाकून पुरत नाही, रंग दिसतो की! विटकरी ग्लास पाहिला की डोकं आधीच "जुनी" म्हणून मोकळं होतं. चेरी-रासबेरीचा लाल रंग अँथोसायनिनचा, तो काळाबरोबर तपकिरीकडे जाणारच. म्हणून काळे ग्लास घ्या नाहीतर स्टीलचे पेले, हसू नका, चालतात. आणि तीन पेल्यांचा खेळ करा, दोनात एकच बिअर, एकात दुसरी, वेगळी कोणती ते ओळखायचं. ओळखताच आली नाही तर पुढची चर्चा फुकट. एकदा जमलं तर तुक्काही असू शकतो, म्हणून पेले बदलून परत करा.

दुसरं, गिळल्यावर थोड्या वेळाने उंदराच्या पिंजऱ्यासारखी, शिळ्या पॉपकॉर्नसारखी चव आली तर तो वयाचा गुण समजू नका. तो टीएचपी नावाचा दोष, ब्रेटानोमायसिस हे यीस्ट आणि लॅक्टिक जंतू यांच्यामुळे येतो. आंबट असताना वास येत नाही, लाळेने आंबटपणा कमी झाला की उमटतो, आणि काहींना अजिबात कळत नाही. गंमत अशी की त्याच कुटुंबातलं एक संयुग म्हणजे आपल्या आंबेमोहोर भाताचा वास. भातात हवाहवासा, बिअरमध्ये नको. बाटली भरल्यानंतर काही महिन्यांनी तो बऱ्याचदा आपोआप कमी होतो, म्हणून उलट जुनीत नसेल आणि नवीत असेल असंही होऊ शकतं.

बाबू ब्रसेल्सवाला

पेल्यांचं मान्य, पण क्रमाबद्दल माझं ठाम मत आहे, आधी जुनी. नवीचं फळ तोंडात बसलं की जुनीतलं बारीक काही कळत नाही. रोझे तर आधी जुनी हवीच. रासबेरी सगळ्यात आधी उडते, जर्दाळूही तसाच, चेरी त्यामानाने टिकते. 2017 च्या रोझेत छान आंबट लँबिक मिळेल, रासबेरीची आठवण काढत बसावं लागेल.

लॅबवाली

असहमत. सगळ्यांना एकाच क्रमाने दिलं तर क्रमाचाच परिणाम मोजाल. निम्म्यांना जुनी आधी, निम्म्यांना नवी आधी. मध्ये पाणी आणि साधा ब्रेड, चीज नंतर.

चिंचगूळ

बाप रे, घरच्या पार्टीचा प्रॅक्टिकल झाला, पण करते. लॅबवाली ताईंचं निम्मे-निम्मे घेते कारण नवऱ्याला हरवायचं असेल तर पुरावा पक्का हवा. ग्यूझ घ्यायला या शनिवारी अँडरलेख्टला, कॅन्टियोंकडे जातेय. सध्याचा बेत असा: 750 ची बाटली सहा जणांत, आदल्या दिवशी उभी ठेवणार, तेरा-चौदा डिग्रीला उघडणार आणि सगळे पेले एका दमात ओतणार म्हणजे तळाचा गाळ एकाच्याच वाट्याला यायला नको.

फू फून आणि 2022 ची रोझे इथेच संपवते, फळ आहे तोवर. बूनची 375 ची आहे, तिला आणि एका द्री फोन्तेइनेनला पुण्याचं तिकीट, कॅन्टियों 2022 क्रीकची एक 750 चीही घेतेय. सगळं मिळून दोन लिटरच्या आत बसतं.

आता शेवटचा प्रश्न, पुण्यात एप्रिल-मेमध्ये या ठेवायच्या कुठे? तळघर नाही, एसी दिवसभर चालू ठेवणार नाही. फ्रिज चार डिग्रीचा आणि त्यात आईचं दही. छोटा वाईन कूलर घेतलाय का कोणी, लाईट गेल्यावर किती वेळ थंड राहतो?

खवय्या कोथरूडकर

माझ्याकडे आहे. बारा बाटल्यांचा. तीनच जागा रिकाम्या आहेत, त्या तुमच्यासाठी राखून ठेवतो. भाड्याचं नंतर बोलू.