जागा कायम होईपर्यंत समुपदेशन थांबवायचं का?

प्रश्न
मी बालगृहात काळजीवाहक आहे. आमच्याकडे अकरा वर्षांची एक मुलगी आलीय, याआधी दोन ठिकाणी राहून. रात्री दचकून उठते, खाऊ उशीखाली दडवते, दार जोरात आपटलं की भिंतीला चिकटून उभी राहते. समुपदेशनासाठी नाव दिलं, तर उत्तर आलं की तिची राहण्याची जागा आधी कायम होऊ द्या. ती कधी होणार, हे कुणीच सांगत नाही! आधीच्या सत्रांची नोंदही सोबत आलेली नाही. थांबणं बरोबर आहे का? तोवर मी काय करू?

उत्तर : बालमानसशास्त्रज्ञ
ताई, थांबू नका. जुन्या आठवणींवर सविस्तर काम करायला मुलाला सुरक्षित वाटावं लागतं, हे खरं. पण मानसिक आघातावरच्या उपचारांची सुरुवात तिथून होतच नाही. आधी भीती ओळखणं, शरीर शांत करणं, झोप सावरणं, आणि सांभाळणाऱ्यालाही ते शिकवणं. हे आजही सुरू करता येतं.

अर्ज पुन्हा करा. ‘वर्तनाच्या तक्रारी’ असं मोघम लिहू नका. झोप किती वेळा मोडते, कशाने दचकते, ते तारखेनिशी लिहा. मुलांच्या भावना आणि वागण्यातल्या अडचणी टिपणारी २५ विधानांची ‘एसडीक्यू’ प्रश्नावली तुम्हीही भरू शकता. तिने निदान होत नाही, पण मदतीची गरज कागदावर दिसते. आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं कलम ३९ जोडा. दुर्लक्ष किंवा छळ सोसलेल्या मुलांना मानसिकदृष्ट्या सावरायला मदत करणं ही त्यात राज्याची जबाबदारी आहे. कायम पत्त्याची अट त्यात नाही.

उत्तर : संस्थेत वाढलेला
माझी जागा बदलली की समुपदेशकही बदलायचे. कुठे विश्वास बसू लागला की नवा माणूस, पुन्हा तेच प्रश्न. शेवटी मी बोलणंच सोडलं. म्हणून आधीच्या समुपदेशकांना गाठा, निदान फोनवर तरी तेच पुढे चालू ठेवतील का विचारा. नोंदी मागवाल तेव्हा त्यातलं कुणाला काय कळलेलं चालेल, हे तिलाही विचारा. माझ्याबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं, त्याचा फार त्रास व्हायचा.

आणि उशीखालचा खाऊ काढून घेऊ नका. तिला तिचा स्वतःचा डबा द्या, तो कधी रिकामा राहू देऊ नका.

प्रश्नकर्ती
डबा आजच देते. रात्रीची वही लिहायला घेतलीय, ती अर्जाला जोडेन. आधीच्या समुपदेशक ताईंशी बोलायचंय का, असं तिला विचारलं. ती लगेच ‘हो’ म्हणाली.