क्विझमध्ये दहापैकी नऊ, ईमेलमध्ये तीच चूक!

शेवटचा बाक:
नमस्कार मंडळी. चार महिने झाले, रोज झोपायच्या आधी फोनवर इंग्रजी ग्रामरच्या छोट्या क्विझ सोडवतोय, दहा प्रश्न, पाच मिनिटं, मजा येते म्हणून. सुरुवातीला दहापैकी पाच-सहा यायचे, आता आठ-नऊ येतात, एकदोनदा दहाही आले. म्हटलं चला, शाळेत राहिलं ते आता जमायला लागलं.

आणि परवा ऑफिसात ईमेल लिहिली, 'आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे'. शेजारच्या सहकाऱ्याने हळूच सांगितलं की यस्टरडे आलं की हॅव सेंट नाही, नुसतं सेंट. लाज वाटली ती चुकीची नाही हो, आदल्याच रात्री क्विझमध्ये अगदी हाच प्रश्न होता आणि तो मी दोन सेकंदात बरोबर सोडवला होता!! म्हणजे मला नियम येतो पण येत नाही?

दुसरी शंका कॉमाची. एका क्विझमध्ये तीन गोष्टींच्या यादीत ॲन्डच्या आधी कॉमा दिला तर चूक दाखवलं, दुसऱ्या क्विझमध्ये दिला नाही तर चूक. खरं काय धरायचं? का हे सगळं नुसतं टाइमपास आहे आणि मी उगाच अभ्यास म्हणतोय त्याला?

खोडरबर:
टाइमपास नाही, पण तुम्ही जे मोजताय ते वेगळंच आहे. चार पर्यायांतून बरोबर ओळखणं आणि कोऱ्या जागेवर स्वतः लिहिणं ही दोन वेगळी कामं. रस्त्यात एखादा माणूस दिसला की लगेच ओळखतो, पण त्याचा चेहरा काढून दाखव म्हटलं तर? तसं.

तुमच्या हॅव सेंटचं तर कारण सरळ मराठीत आहे. आपण बिनदिक्कत म्हणतो 'फाइल काल पाठवली आहे'. यात काहीही चूक नाही, मराठीत काल आणि आहे सुखाने एकत्र नांदतात. इंग्रजीत ते हॅव सेंट, म्हणजे प्रेझेंट परफेक्ट, आणि यस्टरडे एका वाक्यात बसत नाहीत, कारण तिथे हॅव लावलं की वेळ मोकळी ठेवायची असते, नेमकं कधी ते सांगायचं नसतं. क्विझमध्ये यस्टरडे समोर छापलेलं असतं, तुम्ही सावध असता, प्रश्न टेन्सचाच आहे हे माहीत असतं. ईमेल लिहिताना डोक्यात फाइल असते, टेन्स नसतो, आणि मग आतून मराठी वाक्य जसंच्या तसं बाहेर येतं.

बाकी स्वतःची परीक्षा घेतल्याने लक्षात राहतं हे खरं आहे. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६चा प्रयोग आहे. एका गटाने उतारा चार बैठकांत वाचला, दुसऱ्याने एकाच बैठकीत वाचला आणि मग न बघता तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तर वाचणारे ४० वर आलेले आणि आठवून लिहिणारे ६१ वर. पण नीट बघा, त्यांनी कोऱ्या कागदावर लिहिलं होतं, अ ब क ड ला टिक केली नव्हती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, पर्यायांवर अंगठा ठेवा. आधी उत्तर मनात पूर्ण म्हणा, मग अंगठा काढा. स्कोअर खाली येईल, येऊ दे.

उगाच_आपलं:
एवढ्या भानगडी कशाला. भरपूर वाचा, आपोआप येतं. आमच्या वेळी कुठे होत्या क्विझ. दहा प्रश्न सोडवून कोणी इंग्रजी शिकलेला मी तरी पाहिला नाही.

टिंबटिंब:
@उगाच_आपलं, वाचायलाच हवं हे मान्य, पण वाचताना आपण अर्थाच्या मागे धावतो, आर्टिकल आणि प्रिपोझिशन डोळ्यांखालून निसटतात. मी वीस वर्षं वाचतोय आणि तरी 'डिस्कस अबाउट' लिहीत होतो, एका फालतू क्विझने पकडलं की डिस्कसनंतर अबाउट लागतच नाही.

मी स्वतः काही काळ अशा क्विझ बनवून द्यायचं काम केलंय, म्हणून आतल्या गोष्टी सांगतो. चार पर्यायांत बरोबर उत्तर लिहायला एक मिनिट लागतं, चुकीचे तीन बनवायला घाम फुटतो. चुकीचा पर्याय असा हवा की खरोखर कोणीतरी तीच चूक करत असेल. आळशी माणसाने बनवलेल्या क्विझमध्ये दोन पर्याय बघताक्षणीच बाद होतात, बरोबर उत्तर हमखास सगळ्यात लांबलचक असतं, किंवा रिकाम्या जागेआधी 'ॲन' छापलेलं असतं आणि स्वरोच्चाराने सुरू होणारा शब्द एकच असतो. खेळणारा हळूहळू इंग्रजी नाही, क्विझ बनवणाऱ्याच्या सवयी शिकतो! हिशेब करून बघा, दहापैकी सात तुम्हाला खरंच येतात, उरलेल्या तिघांत दोन-दोन पर्याय बाद करून नाणं उडवलं तर सरासरी दीड आणखी मिळतो, झाले साडेआठ. तेव्हा तुमचे नऊ हे खरे सात असू शकतात. वाईट वाटून घेऊ नका, सातही कमी नाहीत.

आणि एक, उत्तर चुकलं की लगेच बरोबर काय ते सांगणारी आणि का तेही एका ओळीत सांगणारी क्विझच घ्या. शेवटी नुसता स्कोअर दाखवणारी असेल तर आपण निवडलेला चुकीचा पर्यायच पक्का होऊन बसतो, मला स्वतःला 'रिटर्न बॅक' असंच चिकटलं होतं.

आता कॉमा. दोन्ही क्विझ आपापल्या जागी बरोबर आणि दोन्ही उद्धट. ॲन्डच्या आधीच्या त्या कॉमाला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात, अमेरिकन पुस्तकांत तो बहुधा देतात, वर्तमानपत्रांत बहुधा गाळतात, ब्रिटनमध्ये एरवी कमीच दिसतो. ही शैलीची बाब आहे, व्याकरणाची चूक नाही. पण कधीकधी त्याच्यावाचून अर्थच फिरतो. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट नावाच्या दूध कंपनीच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला होता. कायद्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची यादी होती, तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन', आणि ऑरच्या आधी कॉमा नव्हता. मग प्रश्न असा की पाठवण्यासाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग करणं हे एकच काम, का पॅकिंग एक आणि वितरण वेगळं? ड्रायव्हर वितरण करायचे, पॅकिंग नाही. २०१७मध्ये अपील कोर्टाने हे संदिग्ध आहे म्हणून ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला आणि २०१८मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. तुमच्या क्विझमध्ये एक मार्क गेला, तिथे बघा काय गेलं.

अवतरण चिन्हांचंही तसंच. ब्रिटिश छापील पुस्तकात बहुधा एकेरी, अमेरिकन पुस्तकात दुहेरी, शिवाय अमेरिकन लोक फुलस्टॉप चिन्हाच्या आत ढकलतात. टेन्समध्येही तेच, 'आय ऑलरेडी सॉ इट' हे अमेरिकन माणूस सहज बोलतो आणि ब्रिटिश क्विझ त्याला चूक देते, तिला 'हॅव सीन' हवं असतं. तेव्हा क्विझ कुठल्या इंग्रजीची आहे ते आधी बघा आणि एकीलाच धरून राहा.

शेवटचा बाक:
वा, कॉमावर ५० लाख! हे घरी सांगणार. आणि साडेआठचा हिशेब वाचून जरा पोटात गोळा आला, पण पटला.

व्होकॅबचं पण विचारून घेतो. शब्द दिला की समानार्थी ओळखा टाइपच्या क्विझ मला खूप आवडतात आणि तिथे मी खरंच बरा आहे, अंदाज नाही. पण हे शब्द वापरायला गेलं की समोरचा हसतो. एकदा एका साहेबांच्या निरोपाच्या कार्डावर मी त्यांना कौतुकाने 'नटोरिअस फॉर हिज हार्ड वर्क' लिहिलं होतं...

निळी शाई:
नटोरिअस 😂 माफ करा, पण दिवस सार्थकी लागला. प्रसिद्ध खरं, पण कुप्रसिद्ध.

समानार्थीच्या क्विझचा हाच दोष आहे, त्या शब्दाचा अर्थ सांगतात, स्वभाव सांगत नाहीत. मराठीत 'निर्धारी' आणि 'हट्टी' यांत जो फरक आहे तोच इंग्रजीत रेझोल्यूट आणि ऑब्स्टिनेटमध्ये, क्विझच्या लेखी दोघंही 'मत न बदलणारा'. आणि शब्दांची संगत पण असते. पाऊस हेवी, वारा स्ट्राँग, उलट केलं तर अर्थ कळेल पण कानाला खटकेल. मिस्टेक मेक करतात, होमवर्क डू करतात, मराठीत दोन्हीला करणेच असल्यामुळे आपली तिथे हमखास फजिती. म्हणून मी समानार्थीऐवजी रिकाम्या जागेत शब्द भरायच्या क्विझ निवडते, आणि नवा शब्द आला की स्वतःच्या आयुष्यातलं एक खरं वाक्य करते, उदाहरणार्थ माझ्या भावाबद्दल ऑब्स्टिनेट वापरून पाच वाक्यं तयार आहेत.

तुम्हाला खेळ म्हणून आवडतं तर फ्रीराइस बघितलंय का? २००७मध्ये सुरू झालं तेव्हा नुसती शब्दांचीच क्विझ होती, प्रत्येक बरोबर उत्तराला तांदळाचे दहा दाणे दान जायचे, पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या वर्ल्ड फूड प्रोग्रामकडे गेलं. तिथलं मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे उत्तरं बरोबर येत गेली की शब्द कठीण होत जातात आणि चुकलेला शब्द थोड्या वेळाने गुपचूप परत येतो.

ते परत येणं महत्त्वाचं. ॲपमध्ये नसेल तर कागदाची कार्डं करा. लाइटनर नावाच्या जर्मन माणसाची जुनी युक्ती आहे, पेटीत पाच कप्पे करायचे, कार्ड बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, पुढचे जास्त जास्त दिवसांनी. नटोरिअस तुम्ही पहिल्या कप्प्यात टाका, तो आता जन्मात विसरणार नाही म्हणा.

रफ वही:
अपॉस्ट्रॉफीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. इट्स दोन आहेत, एक अपॉस्ट्रॉफीवालं आणि एक बिनावालं. आपलं डोकं म्हणतं रामचं असेल तर राम्ज ला अपॉस्ट्रॉफी लागतो, मग 'त्याचं' ला का नको. पण हिज, हर्स, अवर्स, युअर्स यांना कुठे लागतो? त्याच ओळीत इट्स बसवा. अपॉस्ट्रॉफी फक्त इट इज किंवा इट हॅज मोडून बघता आलं तरच. माझी दहावीपासूनची चूक या एका ओळीने गेली.

आणि विरामचिन्हांना परकं समजून घाबरणाऱ्यांसाठी, आपल्या मराठीत तरी ती कुठे मुळात होती. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी इंग्रजीवरून आणली, त्याआधी मोडीत सलग लिहायचे. तेव्हा स्वल्पविराम आपला पण उसनाच आहे.

उगाच_आपलं:
मोडीची माहिती चांगली. बाकी माझं मत तेच, वाचा.

शेवटचा बाक:
तीन आठवड्यांनी परत आलोय, धागा वर काढतो.

अंगठ्याची युक्ती केली, पहिल्या दिवशी दहापैकी पाच. खोडरबर यांना मनात बरंच काही बोललो. पण खरी मजा वेगळीच झाली. मला वाटलं क्विझ बनवणाऱ्याला माझ्या चुका कशा माहीत असणार, म्हणून मी माझ्याच पाठवलेल्या ईमेल उघडल्या, शेवटच्या चाळीस, आणि त्यातली वाक्यं वहीत उतरवून क्रियापद आणि प्रिपोझिशनच्या जागी रेघा मारल्या. दोन दिवसांनी सोडवलं. हॅव आणि यस्टरडे किंवा लास्ट वीक एकत्र अकरा ठिकाणी!! 'वन ऑफ माय कलीग' (एस गायब) चार ठिकाणी, आणि 'कोप अप विथ' दोनदा, त्यात अप नसतो हे मला आत्ता कळलं. आर्टिकल तर मोजायचं सोडून दिलं, मराठीत ती भानगडच नाही त्यामुळे कुठे गाळलंय ते दिसतच नाही. कुठल्याही ॲपमध्ये माझ्यासाठी इतकी फिट बसलेली क्विझ मिळाली नसती. लिहिताना अजून चुकतं, पण आता पाठवायच्या आधी काल दिसला की हात थांबतो.

तुमच्यासाठी त्यातलाच एक प्रश्न. 'आय लुक फॉरवर्ड टु मीट यू'. चूक शोधा. पर्याय देणार नाही 😄

उगाच_आपलं:
यात चूक काहीच नाही. मी कित्येक वर्षं प्रत्येक पत्राच्या शेवटी हेच लिहितोय.

टिंबटिंब:
अहो, मीटिंग यू. इथला टु हा प्रिपोझिशन आहे, त्याच्यापुढे नाम नाहीतर आयएनजी.

उगाच_आपलं:
असं कसं? मग 'आय यूज्ड टु मीट हिम' मध्ये मीट कसं चालतं? तिथे पण टु आहेच की.

खोडरबर:
प्रश्न भारी आहे. टुच्या पुढे क्रियापद काढून नुसतं इट ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टु इट' चालतं, म्हणजे टु प्रिपोझिशन, म्हणजे मीटिंग. 'आय यूज्ड टु इट' चालत नाही, तिथला टु पुढच्या क्रियापदाचाच, म्हणून मीट. पण 'आय ॲम यूज्ड टु इट' चालतं, तेव्हा 'आय ॲम यूज्ड टु मीटिंग हिम'.

उगाच_आपलं:
हं. हे कुठल्याच पुस्तकात माझ्या नजरेला पडलं नव्हतं. पुढचा प्रश्न टाका.