‘अप्लायन्स’ला मराठीत काय म्हणायचं?

पाटीपेन्सिल: मंडळी, अडकलेय. आमच्या हौशी नाटक ग्रुपमध्ये प्रॉस्थेटिक मेकअपची दोन दिवसांची कार्यशाळा चालू आहे, आणि सूचनांचा कागद मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ‘अप्लायन्स ओढून काढू नये’ असं होतं, मी कोश उघडला आणि ‘उपकरण ओढून काढू नये’ असं लिहून मोकळी झाले. आज एका पोराने ते वाचलं, हेअर ड्रायरचं बटण बंद केलं, पिन अगदी हळूच काढली, आणि मग स्वतःच्या तोंडावरचं लेटेक्सचं नाक धरून फर्रकन ओढलं! अर्धी भुवई त्याला चिकटून आली, नाकाचा शेंडा लालभडक. या धंद्यात अप्लायन्स म्हणजे तो चिकटवायचा तुकडाच असतो हे मला तेव्हा कळलं. तर शब्द सुचवा, उद्या सकाळी नऊला झेरॉक्स काढायच्यात.

खडूसकाका: कृत्रिम अवयव. शब्द तयार असताना नवीन कशाला पाडायचे?

पाटीपेन्सिल: काका, ‘कृत्रिम अवयव बसवण्याची कार्यशाळा’ असा बोर्ड लावला तर लोक जयपूर फूटची चौकशी करायला येतील.

कोकणकडा: कवळी! दाताची कवळी तशी नाकाची कवळी. रात्री काढून वाटीत ठेवायची 😄

रंगपटातला: चौदा वर्षं याच कामात आहे म्हणून सांगतो, सेटवर सगळे ‘पीस’ म्हणतात. पीस लावला, पीस सुटला, पीसची कड जिरव. खरं काम कडेतच असतं, मधला भाग कुणीही लावेल, पण कड कागदापेक्षा पातळ असून त्वचेत जिरली नाही तर क्लोजअपला शिवण दिसते. आणि ताई, नुसतं ‘ओढू नये’ लिहून पोरं ऐकणार नाहीत, कसं काढायचं तेही लिहा. ब्रश रिमूव्हरमध्ये बुडवायचा, कडेखाली घालायचा, थांबायचं, चिकट सुटला की पुढे सरकायचं. अर्धा तास लागला तर लागू दे. पीस चिकटवायचा स्पिरिट गम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेली राळ, ती कातडी सोडत नाही, ओढाल तर कातडीच येईल.

खडूसकाका: मराठीत पीस म्हणजे मोराचं. ‘पीस ओढून काढू नये’ हे वनखात्याच्या पाटीवर शोभेल. असेच शब्द सोडत गेलो म्हणून ही वेळ आली.

रंगपटातला: काका, पहाटे चारला मेकअप चालू असतो, नट खुर्चीत झोपलेला असतो, तेव्हा ‘अनुलेपित खंड दे रे’ म्हणू का?

शाडूमाती: माझा वेगळाच वांधा आहे. कागदावर लाइफकास्टला, म्हणजे माणसाच्या चेहऱ्यावरून काढलेल्या प्रतीला, काय लिहिलंय? आमचं घर गणपतीवाल्यांचं. आमच्यात साचा म्हणजे पोकळ, ज्यात ओततो तो. पण परवा एकजण चेहऱ्याच्या भरीव प्रतीलाच साचा म्हणत होता, माझं डोकंच फिरलं.

पाटीपेन्सिल: मी ‘चेहऱ्याचा ठसा’ लिहिलंय.

दातकोरणं: ठसा कसला! आम्ही दवाखान्यात ‘माप घेऊ’ म्हणतो, पेशंट लगेच आ करतो. चेहऱ्यावर थापता ते अल्जिनेटच ना? समुद्री शेवाळापासूनचं, आमच्याच ट्रेमधून तुमच्याकडे आलंय. पण मिंट वासाचं पटकन घट्ट होतं, तोंडभर पसरेपर्यंत गोळा होईल. आणि वाळलं की आकसतं, तेव्हा ओतकाम त्याच दिवशी उरका.

रंगपटातला: डॉक्टर बरोबर बोलले. वरून प्लास्टरच्या पट्ट्या, आणि नाकपुड्यांवर लक्ष ठेवायला एक माणूस वेगळा. ज्याचं माप घेताय त्याला बोलता येत नाही, म्हणून आधीच हाताची खूण ठरवा, अंगठा खाली गेला की कितीही खर्च झाला असला तरी लगेच उतरवायचं. आणि नुसतं प्लास्टर थेट चेहऱ्यावर थापू नका, ते घट्ट होताना तापतं, जाड थर असेल तर भाजतं.

शाडूमाती: हो, पिशवीत उरलेला गोळा हातात धरवत नाही. पण साच्याचं काय?

मावळती: माझे आजोबा नाटक कंपनीत होते, त्यांच्या पेटीत सफेता, हिंगूळ आणि मुरदाडशिंग असायचं. तेव्हा कुठली पॅच टेस्ट! मुरदाडशिंग म्हणजे शिसं, हिंगूळ म्हणजे पारा, आणि हे रोज तोंडाला. शब्द मात्र गंमतीचा, फारसीत मुर्दासंग, ‘मेलेला दगड’. आपण त्याला शिंग फोडलं.

खडूसकाका: म्हणजे तुमचा जुना शब्दही फारसीच. बरं. मग पॅच टेस्टला मराठीत काय?

रंगपटातला: पॅच टेस्ट. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर चिकट आणि थेंबभर लेटेक्स लावून ठेवायचं. रबराची अ‍ॅलर्जी असलेला माणूस असतोच एखादा, त्याला सिलिकॉनचा पीस. पण लेटेक्सच्या साच्यात सिलिकॉन ओतू नका, बुळबुळीतच राहतं, माझा तीन दिवसांचा माल गेलाय.

व्याकरणवेडा: उशिरा आलो. मुळात प्रॉस्थेसिस म्हणजे जोड, ग्रीक आहे. भाषाशास्त्रातही तोच शब्द वापरतात, शब्दाच्या सुरुवातीला आवाज चिकटतो त्याला. स्टेशनचं इष्टेशन, स्कूलचं इस्कूल. आपल्याकडे त्याला आगम म्हणतात. तेव्हा पाटीताई, ‘आगम’ घ्या.

कोकणकडा: ‘आगम ओढून काढू नये.’ पोरगं पुन्हा ड्रायरकडे जाणार.

मावळती: इस्त्री पण त्यातलीच ना?

व्याकरणवेडा: नाही हो, इस्त्री पोर्तुगीज. तिचा इ आधीपासूनचा.

पाटीपेन्सिल: अहो, शब्द??

शाडूमाती: माझ्या मते ‘सोंग’ घ्या. जव्हारकडे बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवात, मुखवट्याला सोंगच म्हणतात. ‘सोंग चढवलं, सोंग उतरवलं’, ओढायचा प्रश्नच येत नाही.

खडूसकाका: सोंग म्हणजे अख्खं रूप, नुसतं नाक नव्हे. आणि ते इष्टेशन ‘ष्ट’ने की ‘स्ट’ने?