विषय: डिसेंबर, देवबाग – घरवाले "परदेशी पासपोर्ट नको" म्हणतायत (तातडीचं)

माई, सोमवार सकाळ

मंडळी,

मालवणजवळच्या देवबागच्या घराचं पुन्हा अडलंय. काल रात्री तिथल्या घरमालकीण काकूंचा फोन आला. खोल्या आपल्यासाठीच राखून ठेवल्यात, घावण्यांपासून वडे-कोंबडीपर्यंत सगळं ठरलंय. पण माझ्या शेजारचे दोघं इंग्रज (कोजागिरीला आले होते तेच) बरोबर येतायत हे कळल्यावर म्हणाल्या, "परदेशी पासपोर्टवाले असतील तर आम्हांला नाही जमायचं, उगाच पोलीस घरी येतील." मी पुष्कळ समजावलं. त्या घाबरल्यात, एवढंच मला कळलं.

ज्यांनी अलीकडे इथल्या, इंग्लंडातल्या मित्रमैत्रिणींना घेऊन कोकणात घरगुती निवासात मुक्काम केलाय, त्यांनी नक्की काय केलं ते कृपया आजच कळवा. विमानाची तिकिटं काढून झालीत. नाताळच्या आठवड्यात मालवणात आयत्या वेळी एवढ्या माणसांना दुसरं घर मिळणार नाही.

माई

---

दादा (लेस्टर), सोमवार दुपार

माई, यात इतकं अडण्यासारखं काय आहे? गोव्याच्या मोपा विमानतळावर उतरा आणि सरळ गोव्यात राहा. तिथल्या हॉटेलांना परदेशी पाहुण्यांची सवय आहे, कागदपत्रं ते आपणहून बघतात. देवबागला एक दिवस गाडी करून जाऊन या. मोपा सिंधुदुर्गाच्या सीमेलाच लागून आहे. तुमचे शेजारी आराम करायला येतायत ना? मग त्यांना आराम करू द्या.

---

सचिव, सोमवार दुपार

ही ईमेल लिस्ट आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे याची सर्वांना नम्र आठवण. खाजगी सहलींसाठी सहल समितीने वेगळा ग्रुप केलेला आहे. संक्रांतीच्या हॉलसाठी अजून कोणाचंही उत्तर आलेलं नाही.

---

आप्पा, सोमवार रात्री

सचिवसाहेब, हा प्रश्न दर हिवाळ्यात आपल्यातल्या कोणाला ना कोणाला येतो, म्हणून इथेच लिहितो. हॉलचं उत्तर वेगळं पाठवलंय.

दादा, तुमचा सल्ला वाचून मला वाईट वाटलं.

नियम साधा आहे. परदेशी नागरिक मुक्कामाला आला की घरमालकाने चोवीस तासांच्या आत ते ऑनलाइन कळवायचं. सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात. पंचतारांकित हॉटेल असो की परसात बांधलेल्या दोन खोल्या, नियम तोच. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, कुठून आले, पुढे कुठे जाणार, एवढं भरायचं. मात्र त्यासाठी घराची आधी एकदा नोंदणी व्हावी लागते, आणि ते काम जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयातून होतं. आपल्याकडे म्हणजे ओरोसला. काकूंकडे मुंबई-पुण्याचे, कोल्हापूर-बेळगावचे पाहुणे येतात. आधार कार्डाची झेरॉक्स घेतली की झालं. नोंदणीची कधी गरजच पडली नसणार.

आणि माई, एक गोष्ट अजून कोणी बोललेलं नाही. हा फॉर्म तुमच्या शेजाऱ्यांपुरता नाही. ओसीआय कार्डवाल्यांचाही, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्यासारख्या भारतीय वंशाच्या लोकांचाही, भरावा लागतो. म्हणजे तुमचा, वहिनींचा आणि माझासुद्धा. मी मालवणच्या मेढ्यातला. वडिलांचं घर विकल्यापासून गावी गेलो की भाड्याच्या खोलीतच उतरतो. पहिल्यांदा माझा फॉर्मसाठी फोटो काढला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. समोर सिंधुदुर्ग किल्ला, ज्याच्या तटावर आम्ही शाळेतून पळून जायचो, आणि मी परदेशी नागरिक म्हणून खुर्चीवर सरळ बसलेलो. पण ज्या बाईने तो फोटो काढला, तिनेच सकाळी उठवून आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं पुढ्यात ठेवलं. कायदा तिने केलेला नाही. तो मोडला तर त्रास मात्र तिलाच होणार.

म्हणून सांगतो, गोव्याला जाऊ नका. देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. तिथल्या लोकांनी राहत्या घराला खोल्या जोडून हा व्यवसाय उभा केलाय. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद, पाण्यातले खेळ बंद, जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद. हिवाळ्यात आणि मे महिन्यात जे मिळेल त्यावर वर्ष काढायचं. एका फॉर्मच्या भीतीने आपणही मोठ्या हॉटेलांत जायला लागलो, तर या घरांना बाहेरचा पाहुणा कधी मिळणारच नाही.

मी उद्या काकूंशी बोलतो. माझा भाचा कुडाळला असतो, त्यालाही सांगतो.

आप्पा

---

वहिनी, मंगळवार सकाळ

आप्पांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. माई, काही नाहीच जमलं तर वेंगुर्ल्याला माझ्या मामाचं घर रिकामंच आहे. किल्ली शेजारी असते. तिथे कोण विचारणार? नातेवाईकांच्या घरात तर फॉर्मचा प्रश्नच नाही.

गाडीचं काय ठरलं? आता आरक्षण फक्त साठ दिवस आधी सुरू होतं, एकशेवीस दिवसांचे दिवस गेले. नाताळच्या कोकणकन्येची तिकिटं बघता बघता संपतात. वंदे भारत कुडाळला थांबत नाही, कणकवलीला उतरावं लागेल. मुलांना घेऊन रात्रीचीच गाडी बरी. दिवसा निघालात तर मांडवी, खाण्यापिण्याची मजा त्या गाडीत आहे.

---

आप्पा, मंगळवार सकाळ

वहिनी, खाजगी घरालाही तोच नियम आहे, घर मामाचं असलं तरी. आणि रिकाम्या घरात मालकाशिवाय राहिलात तर फॉर्म भरायला कोणीच नाही. कृपया हा मार्ग कोणाला सुचवू नका.

---

नाना, मंगळवार दुपार

मांडवीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मालवण-मालवण करता करता तुम्ही सगळे चिपळूण झोपेत ओलांडता. चिपळूणला उतरा आणि गुहागरला या. एवढा लांब आणि मोकळा किनारा, मागे सुरूचं बन, व्याडेश्वराचं देऊळ पाच मिनिटांवर. दाभोळची फेरीबोट धरून पलीकडे दापोली, हर्णै. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव बघितला की त्या इंग्रज मंडळींना जन्मभर पुरेल. देवबागला नाताळात पॅरासेलिंगच्या होड्यांची नुसती घरघर असते. ज्यांना खरा आराम हवा त्यांनी उत्तरेकडेच यावं, हे मी पूर्वीही इथे लिहिलेलं आहे.

---

आप्पा, मंगळवार दुपार

नाना, फॉर्म गुहागरलाही भरावाच लागेल. आणि शांतता हवी असेल तर देवबागहून नदी ओलांडली की भोगवे, पुढे निवती. तिथे जाऊन एक संध्याकाळ बसा, मग बोलू.

---

नाना, मंगळवार दुपार

भोगवे मी पाहिलेलं आहे. छान आहे. गुहागर गुहागरच.

---

ताई (डॉक्टर), मंगळवार रात्री

फॉर्मचं आप्पा बघतायत, मी दुसऱ्याच गोष्टीबद्दल लिहिते. होड्यांचा उल्लेख झाला म्हणून.

माई, तुमचे शेजारी पोहणारे आहेत, मला ठाऊक आहे, आणि मला त्याचीच काळजी वाटते. इथल्या तलावात पोहणाऱ्यांना आपलं समुद्रात भागेल असं वाटतं. देवबागला नदी जिथे समुद्राला मिळते त्या संगमापाशी कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका. ओहोटीला नदीचं पाणी समुद्राकडे धावतं आणि माणसाला घेऊन जातं, तो कितीही चांगला पोहणारा असो. माझ्या मावसभावाला होडीवाल्यांनी असाच ओढून काढला होता. त्यानंतर घरात कितीतरी दिवस कोणी मोठ्याने बोललं नाही. भरती-ओहोटीची वेळ रोज सकाळी काकूंच्या घरातल्या कोळ्यांना विचारा, आणि ते नको म्हणाले की वाद घालू नका. पोहायचंच असेल तर तारकर्लीच्या बाजूला, लोक असतील तिथे, आणि दारू पिऊन अजिबात नाही.

स्नॉर्केलिंग, स्कूबा जरूर करा. हिवाळ्यात पाणी नितळ असतं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे, आधी तिथे चौकशी करा. दमा, कानाचं दुखणं, रक्तदाबाच्या गोळ्या, जे असेल ते प्रशिक्षकाला खरं सांगायचं.

---

दादा (लेस्टर), बुधवार सकाळ

आप्पा, तुमच्या भावना समजतात, पण मी व्यवहाराचं बोलत होतो. शेजारी मंडळींना सुट्टी मोजकी मिळते. ती त्यांनी पोलीस कचेरीत का घालवावी? आणि खाण्याचं काय? मार्गशीर्षातला गुरुवार आला तर निम्म्या घरांत मासे शिजत नाहीत. पाहुण्यांना हे आधी सांगितलंय का?

---

माई, बुधवार सकाळ

दादा, सांगितलंय. त्यांना उलट आवडलं. गुरुवारी काकू कुळथाची पिठी, फणसाच्या आठळ्या असतील तर त्यांची भाजी आणि सोलकढी करणार आहेत. शेजारणीला सोलकढीची कृती हवी आहे, ती मी केव्हाच कबूल केलीय.

आणि पाहुण्यांना पोलीस कचेरीत कोणीच बोलावत नाहीये. आप्पांनी लिहिलंय ते पुन्हा वाचा. काम घरमालकाचं आहे, कागद आपण द्यायचे.

---

आप्पा, गुरुवार रात्री

माई, काकूंशी दोनदा बोललो. पहिल्यांदा त्यांनी फोन मुलाकडेच दिला. दुसऱ्यांदा मी कोणाचा कोण ते सांगितलं, त्यांचे सासरे आणि माझे वडील एकाच रापणीला (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला) जायचे हे निघालं, मग मोकळ्या झाल्या. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की परदेशी माणूस ठेवला तर खोल्यांना सील लागतं. नोंदणी न करता, न कळवता ठेवलं तर अडचण येते, कळवलं तर नाही, हे पटायला वेळ लागला. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही म्हणतास तर करूया."

भाचा सोमवारी त्यांच्या मुलाला घेऊन ओरोसला जातोय. घराचा उतारा, मुलाचं ओळखपत्र, वीजबिल घेऊन जाणार. आणखी काही मागितलं तर तो तिथूनच मला फोन करेल. नोंदणी मंजूर होईपर्यंत काकूंना आगाऊ पैसे पाठवू नका, त्यांनीच तसं सांगितलंय. घर मात्र दुसऱ्या कोणाला देणार नाहीत.

तुमच्याकडून हवं ते असं. सगळ्यांच्या पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा स्पष्ट फोटो, ओसीआयवाल्यांनी कार्डाच्या दोन्ही बाजू, आणि प्रत्येकाचा एक साधा फोटो. हे लिस्टवर टाकू नका, काकूंच्या मुलालाच पाठवा, नंबर तुम्हांला फोनवर देतो. शेजाऱ्यांना ई-व्हिसाचा अर्ज सरकारी संकेतस्थळावरूनच करायला सांगा, तिथे एजंटांची हुबेहूब दिसणारी पानं असतात आणि ते दुप्पट पैसे घेतात. तीस दिवसांचा व्हिसा घेणार असतील तर तो अर्ज पोहोचण्याच्या आधीच्या तीस दिवसांतच करता येतो, त्यामुळे आत्ता घाई करून उपयोग नाही. पत्ता विचारतील तिथे देवबागचाच द्या.

नाना, भाचा विचारत होता, चिपळूणहून गुहागरला शेवटची एसटी किती वाजता सुटते. त्याला फेब्रुवारीत यायचंय.

आप्पा

---

नाना, गुरुवार रात्री

त्याला माझा नंबर द्या. एसटीने कशाला, माझा पुतण्या स्टेशनवर गाडी घेऊन येईल.